उलटी धार

हातोद मागे पडलं की देपालपूरच्या रस्त्याला
एका बाभळीखाली भेरूलालचा भाता लागतो.
पाटी नाही. पत्ता मला गराडूवाल्याने दिला,
त्याच्याकडे मी भांडायला गेले होते
की तुझ्या गराडूवर माझी सुरी वाकली.
"सुरी वाकली ना बाई, गराडू तर नाही वाकला,"
म्हणाला, आणि पुडीच्या कागदावर नकाशा काढून दिला.

मॉलमधली होती ती. निळी मूठ, सोबत सोलाणं फुकट.

पौष. गव्हाला पाणी चाललेलं.
तीन बाजूंनी हिरवं आणि मध्ये एवढंसं काळं :
ऐरण, घण, कोळसा,
आणि एक ट्रक, जो आता फक्त कमानीच्या पट्ट्यांपुरता उरलाय.
सिमरोलच्या घाटात पडला होता.
त्याचे आधी कोयते झाले, मग विळे,
आता शेवटी शेवटी सुऱ्या.
ड्रायव्हरचं मी विचारलं नाही.
भेरूलालने आपणहून सांगितलं, वाचला.
तोही एक सुरी घेऊन गेला.

सांडशी याच्या हातात, घण हिच्या.
धापूबाई. पाच बहिणींच्या पाठची.
धापणं म्हणजे पोट भरणं त्यांच्याकडे,
म्हणजे आईबापांनी नावातच देवाला कळवलं, आता पुरे.
ती पुरे झालेली बाई घण उचलते, सोडते,
उचलते, सोडते,
जोर लावत नाही, वजनाला फक्त जागा दाखवते.
मग पाणी. चर्र.
गव्हातून एक टिटवी ओरडत उठते.

"कंई काटोगा, बई?"
गराडू, म्हटलं. कोहळा. कधीमधी सुरण.
"हाथ बताओ."
मी हात पुढे केला, तो तिने धरला.
उजवा. परक्यासमोर माझा उजवाच पुढे होतो,
तेवढी शिकवण अजून अंगात आहे.
बोटांच्या मुळाशी तिने अंगठा फिरवला,
घट्टा शोधला, सापडला नाही,
आणि न बोलता दुसरा हात मागितला.

"डावो," ती नवऱ्याला म्हणाली.

आमचाच शब्द, शेपूट तेवढं वेगळं.
लोकमान्यनगरच्या स्वयंपाकघरात तो
पळीच्या दांड्याने मनगटावर वाजायचा.
तीर्थ उजव्याने. हळदकुंकू उजव्याने.
पाहुण्यांना पाणी उजव्याने, आणि हसून.
चिरताना मात्र कुणी बघायचं नाही,
भाजीच्या ढिगापुढे कुठलाही हात चालतो.
तेव्हापासून माझ्या काकडीच्या चकत्या
एका बाजूला जाड.
मला वाटायचं, मीच तशी.

"धार एकाच अंगाला असते," भेरूलाल म्हणाला,
"आणि ती उजव्याच्या हिशोबाने.
तुम्ही सरळ जाता. ती पळते."
त्याने पातं उलटं करून सहाणेच्या चाकाला लावलं.
ठिणग्या या खेपेला दुसरीकडे उडाल्या.
धापूबाईने लुगडं सावरलं आणि जागा बदलली,
जणू रोजचंच.

अडीचशे, तो म्हणाला. मी सवयीने दोनशे,
आणि लगेच लाजले.
तो नाही लाजला. दोनशे चाळीस, चहासकट.
चहात कोळशाचा वास होता.

सुरी तिने हातात दिली नाही, मातीवर ठेवली.
हातोहात दिली की भांडण होतं,
आमच्यातही, मी म्हटलं.
ती हसली. तिच्या खालच्या दोन दातांत फट होती.
मी वाकून उचलली.

रात्री गराडू तळले. त्यावर जिरावण, लिंबू.
चकत्यांबद्दल कुणी काही बोललं नाही,
सारख्या चकत्यांबद्दल कोण बोलतं?

सकाळी यांनी पेरू कापायला घेतला.
"अगं, ही तुझी नवी सुरी वाकडी जातेय."
हो का, म्हटलं,
आणि चहात साखर घातली.